पाहुण्यांना घेऊन खानदेशात पक्षी पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईची, नागपूरची मित्रमंडळी सुट्टीला येतात आणि म्हणतात, "तुमच्याकडे पक्षी खूप येतात म्हणे, दाखवा ना!" हाताशी दिवस एकच असतो. पाच-सहा माणसं, त्यातली दोन पहिल्यांदाच दुर्बीण हातात धरणारी. खालची उत्तरं अशा दिवसासाठी आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पक्ष्यांना तोटा नाही. दिवस फसतो तो तीन कारणांनी: निघायला उशीर, एका दिवसात तीन ठिकाणं, आणि उन्हाकडे तोंड करून उभं राहणं.

पाहुण्यांना कोणत्या महिन्यात बोलवावं?

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. स्थलांतरित बदकं ऑक्टोबरच्या शेवटी यायला लागतात, पण तेव्हा बरेचसे नर पिसं बदलण्याच्या अवस्थेत असतात. मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात आणि नवख्या माणसाला सगळी बदकं एकच वाटतात. डिसेंबर उजाडला की नर पूर्ण रंगात येतात.

दुसरं कारण पाण्याचं. पावसाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांमधून तापीचा गढूळ पूर सोडला जातो आणि पावसाळा सरताना धरण भरून घेतात. नोव्हेंबरात पाणी काठोकाठ असतं, उथळ काठ बुडालेला असतो, त्यामुळे तुतवार, शेकाटे, चिखले यांना पाय टेकवायला जागा नसते. पुढे शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटतात, पाणी उतरतं, गाळ उघडा पडतो आणि हे पक्षी काठाशी येतात. म्हणून जायच्या दोन-तीन दिवस आधी तिकडच्या कुणाला तरी फोन करून "पाणी कुठवर आहे?" एवढं विचारा. गेल्या आठवड्यात जिथे बदकं होती तिथे या आठवड्यात कोरडा गाळ असू शकतो.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या आठवड्यात कार्यक्रम भरपूर होतात, उत्साह असतो, जरूर जा. पण लांबून येणाऱ्याला एकदाच यायचं असेल तर जानेवारी सांगा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कुणाला आणू नका. पावसाळ्याची मजा वेगळी: जूनपासून सातपुड्याच्या ओढ्यांत नवरंगाची शीळ, चातक, बाभळीवर सुगरणींची घरटी. मात्र तेव्हा पाणपक्षी पाहायला मिळतील अशी आशा पाहुण्यांना लावू नका.

एकच दिवस आहे. हतनूर, पाल की पाटणादेवी?

पाहुणे नवखे असतील तर हतनूर. कारण सरळ आहे: पाण्यावरचा पक्षी मोठा असतो, उघड्यावर असतो आणि एका जागी थांबतो. जंगलातला पक्षी पानांआड असतो आणि तुम्ही "तो बघा" म्हणेपर्यंत उडालेला असतो. ज्याला दुर्बिणीची सवय नाही त्याला जंगलात दिवसभरात चार पक्षीसुद्धा नीट दिसत नाहीत, आणि तो तोंडदेखलं "हो हो, दिसला" म्हणत राहतो.

पाहुण्यांना आधीपासून पक्षी पाहायची सवय असेल तर यावल अभयारण्यातलं पाल आणि तिथलं सुकी नदीवरचं गारबर्डी धरण निवडा. सागाचं जंगल, ओढ्याकाठची मोठी झाडं, वर सर्पगरुड, फांद्यांत भांगराज, आणि शिवाय थोडं पाणी. चाळीसगावहून १८ किलोमीटरवर पाटणादेवी, म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याची खानदेशाकडची बाजू. डोंगर, केदारकुंड, देवीचं मंदिर असल्यामुळे ज्यांना पक्ष्यांची फारशी ओढ नाही अशी माणसंही तिथे रमतात. धुळ्यात मुक्काम असेल तर नकाणे आणि डेडरगाव हे तलाव अर्ध्या दिवसाला पुरतात. नंदुरबारकडचे असाल तर तोरणमाळ, पण त्याला घाटाचा प्रवास धरून मुक्कामच हवा.

दोन ठिकाणं जोडायचीच असतील तर हतनूर आणि चांगदेव. तापी-पूर्णेचा संगम आणि हेमाडपंती मंदिर दोन्ही तिथेच आहेत, त्यामुळे दुपारची दोन तासांची पोकळी भरून निघते. हतनूर आणि पाल एका दिवसात करू नका. सकाळचे सोन्यासारखे तास गाडीत जातात.

सकाळी किती वाजता निघायचं?

जानेवारीत जळगाव-भुसावळकडे सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो. पावणेसातला पाण्यावर असायचं या हिशेबानं उलटं मोजा. भुसावळहून निघत असाल तर पावणेसहाला गाडी सुरू झाली पाहिजे, जळगावहून सव्वापाचला. पाहुण्यांना वेळ सांगताना पंधरा मिनिटं आधीची सांगा. पाच-सहा माणसांत चहा, स्वेटर, विसरलेला चष्मा यात तेवढी जातातच.

एक अपवाद आहे. जानेवारीत काही दिवस तापीवर दाट धुकं उतरतं आणि आठ-साडेआठपर्यंत दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. पहाटे दारातूनच धुकं दिसलं तर घाई करू नका, चहा घेऊन निघा. धुक्यात गाडी दामटण्यात काही अर्थ नाही.

सात ते दहा हे खरे तास. साडेदहानंतर पाण्यावर आणि गाळावर हवा तापून थरथरायला लागते. मग दुर्बीण कितीही चांगली असो, लांबचं बदक पाण्याखाली हलल्यासारखं दिसतं. बदकं रात्री चरतात आणि दुपारी मधल्या पाण्यात माना पाठीवर टाकून झोपतात, त्यामुळे तेव्हा पाहण्यासारखंही कमी असतं. अकरा ते साडेतीन जेवण, मंदिर, सावली. साडेतीन ते सहा पुन्हा पाणी.

धरणाच्या कोणत्या काठावर उभं राहायचं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो.

तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिच्या पाण्याला एक उत्तर काठ आहे, सावदा-रावेरकडचा, आणि एक दक्षिण काठ, भुसावळ-मुक्ताईनगरकडचा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दिवसभर दक्षिणेकडूनच जातो आणि नैर्ऋत्येला मावळतो. म्हणजे दक्षिण काठावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाठीशीच राहतं. पक्ष्याच्या अंगावर उजेड पडतो, डोक्याचा रंग, चोचीचा रंग, पंखावरची खिडकी, म्हणजे चकाकणारा रंगीत पट्टा, सगळं उठून दिसतं. उत्तर काठावरून तोच थवा पाहिला तर चमचमत्या पाण्यावर काळे ठिपके. सोबत कितीही जाणकार असला तरी त्या उजेडात बदक ओळखणं अवघड जातं आणि पाहुणे अर्ध्या तासात कंटाळतात.

म्हणून रस्ता थोडा लांबचा पडला तरी दक्षिण काठ धरा. जळगावचा मेहरूण, धुळ्याचा नकाणे यांसारख्या छोट्या तलावांवर मात्र सकाळी पूर्वेच्या काठावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर उभं राहायचं.

धरणाची भिंत आणि दरवाजे जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. तिथे विचारल्याशिवाय जाऊ नका, भिंतीचे फोटो काढू नका, ड्रोन तर आणूच नका. पक्षी तसेही भिंतीपासून दूर, वरच्या अंगाच्या उथळ पाण्यात असतात.

गाळात उतरलं तर चालतं का?

नाही. हतनूर गाळानं भरत आलेलं धरण आहे. पाणी उतरलं की वर भेगाळलेली, वाळलेली पापडी दिसते. त्या पापडीवर चार पावलं माणूस आरामात चालतो, पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत जातो, कारण खालचा गाळ महिनोन् महिने ओलाच राहतो. रुतलेला पाय ओढताना बूट आत राहतो आणि ओढायला गेलेला दुसराही रुततो. कुणी रुतलंच तर उभं राहून धडपड करू न देता मागे बसायला सांगा, वजन पसरू द्या, आणि काठी किंवा ओढणी कोरड्या जागेवरून फेका.

ओळखायची खूण: गुरांच्या ताज्या खुरांचे ठसे उथळ असतील तिथवर जमीन धरते. ठसे खोल आणि पाण्यानं भरलेले दिसले की थांबा. गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर पेरतात त्या जमिनीत हरभरा, गहू, टरबूज लावलेलं असतं. तिथे बांधावरूनच चाला, तेही विचारून.

दुर्बीण कोणती आणि किती हव्यात?

दोघांत एक ही किमान गरज. तिघांत एक झाली की पक्षी उडेपर्यंत दुर्बीण एकाच गळ्यात राहते. ८×४२ ही पाहुण्यांसाठी सगळ्यात चांगली. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो खरा, पण हाताचं कापणंही तेवढंच मोठं होतं आणि दिसणारा परिसर लहान होतो, म्हणून नवख्याला पक्षी सापडतच नाही. जत्रेत मिळणाऱ्या लाल काचांच्या दुर्बिणी घरीच ठेवा.

दुर्बीण हातात देऊन मोकळं होऊ नका, प्रत्येकाला लावून द्या. माणशी दोन मिनिटं लागतात:

आधी डोळ्यांजवळचे रबरी कप. चष्मा असेल तर कप पूर्ण आत, नसेल तर पूर्ण बाहेर. "मला सगळं काळंच दिसतं" ही तक्रार दहांत नऊ वेळा इथली असते. मग दोन्ही नळ्या उघडझाप करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत जुळवा. त्यानंतर लांबचा एखादा फलक किंवा झाडाचा शेंडा धरून उजवं भिंग हातानं झाका आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका, मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्याकडची छोटी कडी फिरवून स्पष्ट करा. ही कडी कुठे आली ते त्या माणसाला दाखवून ठेवा, कारण दुर्बीण दुसऱ्याकडे गेली की ती हलते. पुढे दिवसभर फक्त मधलं चाक.

पक्षी शोधायची युक्ती एकच: नजर पक्ष्यावरून हटवायची नाही, दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची. बहुतेक जण मान खाली घालून दुर्बिणीत बघतात आणि मग पक्षी शोधायला लागतात. गाडीजवळ उभे असतानाच विजेच्या तारेवरच्या कोतवालावर पाच वेळा सराव करून घ्या.

स्पॉटिंग स्कोप आणावा का?

स्कोप म्हणजे स्टँडवर लावून एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण. हतनूरला असला तर सोनं. २० ते ६० पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपमध्ये नेहमी २० वर पक्षी धरा, मग वाढवा. ऊन तापल्यावर ४० च्या वर नेऊन उपयोग नाही. स्टँडची उंची सगळ्यात बुटक्या माणसाच्या डोळ्याला लावा, उंच माणसं वाकतील. आणि सगळ्यांना सांगा, हात पाठीमागे बांधून बघायचं. डोळा लावताना स्कोपला धरलं की तो हलतो, पक्षी जातो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून.

पक्षी कुठे आहे ते सहा जणांना कसं सांगायचं?

हात लांब करून बोट दाखवू नका, तुमच्या बोटाची रेघ बाकीच्यांना दिसत नाही आणि पक्षी मात्र दचकतात. आधी सगळ्यांना दिसणारी ठळक खूण पक्की करा: पलीकडचं एकटं ताडाचं झाड, पाण्यातली मासेमाराची काठी, होडी. मग "होडीच्या डावीकडे, दोन होड्यांएवढ्या अंतरावर, पाण्याच्या अलीकडच्या कडेला" असं सांगा. झाडावरचा पक्षी असेल तर झाड म्हणजे घड्याळ: "दहाच्या काट्यावर, सुकलेल्या फांदीच्या टोकाला."

सगळी बदकं सारखीच दिसतात. सुरुवात कुठून करावी?

नाव विचारण्याआधी एक गोष्ट पाहायला लावा: ते बुडी मारतं की शेपटी वर करून उलटं होतं? तलवार बदक, थापट्या, हळदी-कुंकू ही उथळ पाण्यात मान खाली घालून ढुंगण वर करतात आणि उडताना पाण्यावरून थेट वर उसळतात. लालसऱ्या पूर्ण बुडतात, दुसरीकडे वर येतात आणि उडण्याआधी पाण्यावर पाय आपटत धावतात. एवढं दिसलं की थव्याचे दोन भाग होतात.

मग चोच. थापट्याची चोच टोकाला पसरट, चमच्यासारखी. तो पाण्यावर चोच टेकवून गोल-गोल फिरतो. कधी चार-पाच थापटे एकमेकांमागे घिरट्या घालतात तेव्हा स्कोप तिथेच दहा मिनिटं राहू द्या. हळदी-कुंकवाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा डाग आणि मुळाशी दोन लाल ठिपके असतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं चोच फार जवळून पाहिली असणार. हे ठिपके दिसले की पाहुण्यांना बदक जन्मभर लक्षात राहतं.

दोन लालसऱ्यांत घोटाळा होतो. दोन्हींच्या नराचं डोकं तांबूस. मोठ्या लालसरीची चोच लालभडक आणि डोकं फुगीर, नारिंगी झाक असलेलं. छोट्या लालसरीची चोच काळसर, मध्ये राखी पट्टा, आणि पाठ राखाडी. डोकं विसरा, चोच बघा. पाण्यात काळाकुट्ट, पांढऱ्या कपाळाचा आणि मान पुढे-मागे करत पोहणारा दिसला तर ते बदक नाही, तो चांदवा, म्हणजे वारकरी. काठाजवळ क्षणात दिसून क्षणात गुडूप होणारी बारकी ती टिबुकली.

यांच्याशिवाय नारिंगी चक्रवाकांची जोडी, डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्यांचे पट्टकादंब, चित्रबलाक, नदी सुरय, पाण्यावरून खालून-खालून जाणारा भोवत्या आणि ऑस्प्रे यांच्याकडे लक्ष ठेवा. शांत बसलेला अख्खा थवा एकदम उठला तर पाण्याकडे पाहू नका, वर पाहा. शिकारी पक्षी आलेला असतो.

किती जवळ जायचं?

पक्षी सांगतात. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या, थवा सावकाश काठापासून लांब सरकायला लागला, की तुम्ही एक टप्पा जास्त पुढे आलात. थांबा, खाली बसा. पाच-सात मिनिटांत पुन्हा चरायला लागले तर तिथेच बसून राहा. बसलेल्या माणसाला पक्षी फार लवकर स्वीकारतात, त्यामुळे सहा जणांनी पसरून उभं राहण्यापेक्षा एकत्र बसावं.

उडतानाचा फोटो हवा म्हणून खडा मारणं, टाळी वाजवणं, ओरडणं हे पाहुण्यांपैकी कुणी करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा, मग तो कितीही जवळचा मित्र असो. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला परत तेवढंच जायचं असतं आणि त्यासाठीची चरबी तो इथे साठवतो. आपल्या एका फोटोसाठी शंभर पक्ष्यांनी ती जाळायची, हे बरोबर नाही.

वाटेत थांबण्यासारखं काही?

कपाशीचं शेत दिसलं की तारांवर नजर ठेवा. पांढरी-राखी, लाल डोळ्यांची कापशी घार तारेवर बसते किंवा हवेत एका जागी पंख हलवत थांबते. खाटीक बाभळीच्या टोकाला, नीळकंठ खांबावर, वेडा राघू तारेवर. ज्वारी उभी असेल तर भोरड्यांचे थवे. उघड्या माळावर गाडीचं इंजिन बंद करून आतूनच पाहा. गाडी ही उत्तम लपण आहे, दार उघडलं की धाविक आणि माळटिटवी लांब जातात. गावातल्या वडा-पिंपळावर हरियाल शोधा, तो आपल्या राज्याचा पक्षी आहे आणि पानांत इतका मिसळतो की फळ हलल्यावरच कळतो.

रानपिंगळा दिसेल का?

पक्ष्यांची माहिती असलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतो, आणि विचारणारच, कारण ही खानदेशची ठेव आहे. रानपिंगळा म्हणजे एक छोटं घुबड. १८७३ मध्ये शास्त्रात नोंद झालेला हा पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडला नव्हता. शेवटचा नमुनाही खानदेशातलाच. तो संपला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला, ११३ वर्षांनी. त्यानंतर यावल, तोरणमाळ, मेळघाट असा तो अनेक ठिकाणी आढळला. आजही तो संकटग्रस्तच आहे आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

एका दिवसाच्या पाहुण्यांना त्याचं आश्वासन देऊ नका. विरळ सागाच्या जंगलात, स्थानिक माहीतगारासोबत, वनविभागाच्या परवानगीनं गेलं तर शक्यता असते, एवढंच सांगा.

दिसलाच तर खात्री अशी करा. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखट तपकिरी. जंगल पिंगळ्याच्या डोक्या-पाठीवर दाट आडव्या रेघा असतात. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी झटकतो. उंची वीतभराहून थोडीच जास्त, सुमारे २३ सेंटिमीटर.

मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका, कुणी "एकदाच" म्हणालं तरी. त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, मग शिकार आणि घरटं सोडून तो भांडायला येतो. येणारा प्रत्येक गट एकदाच वाजवतो, पण त्याच्या वाट्याला हे रोज येतं. आणि जागा कुणाला कळवू नका, फोटोसोबत ठिकाण टाकू नका. जंगलतोडीइतकीच घुबडांना जादूटोण्याच्या अंधश्रद्धेचीही भीती आहे.

परवानगी लागते का?

हतनूरच्या काठावर पक्षी पाहायला वेगळी परवानगी लागत नाही, पण शेतातून जाताना शेतकऱ्याची लागते. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं. वेळा आणि बंद रस्ते बदलतात, म्हणून आदल्या दिवशी वनविभागाच्या कार्यालयात फोन कराच. अंधार पडायच्या आत बाहेर या, बिबट्या आणि अस्वल दोन्ही तिथे आहेत.

कपडे, बूट, सोबतचं सामान?

मातकट, खाकी, हिरवा. पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी लांबूनच ओरडून सांगते की माणूस आला. पहाटे थंडी दहा अंशांच्या खाली उतरते आणि दुपारी तिशीपर्यंत जाते, म्हणून एका जाड जर्किनपेक्षा पातळ तीन थर बरे.

लोकरी मोजे मात्र नकोत. हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं लोकरीत अशी शिरतात की एकेक उपटावं लागतं. टोक आत आणि शेपूट बाहेर अशी त्यांची घडण असल्यामुळे चालताना ती आणखी आत जातात, शेवटी कातडीत. गुळगुळीत कापडाची पँट, तिच्यावर घट्ट बांधलेले बूट, आणि सोबत एक चिमटा.

पाटणादेवीच्या कड्यांवर, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, उग्र तेल, विडी-सिगारेट बंद. माणशी दोन लिटर पाणी. आणि एक गोष्ट नेहमी राहते: काठावर स्वच्छतागृह नसतं. वाटेतला पेट्रोल पंप किंवा हॉटेल आधीच ठरवून, सगळ्यांना, विशेषतः बायकांना, निघतानाच सांगा. नाहीतर त्या दिवसभर पाणी पिणं टाळतात आणि दुपारी डोकं धरून बसतात.

जेवणाचं काय?

हिवाळा आणि खानदेश म्हटल्यावर भरीतच. बामणोदची भरिताची वांगी याच दिवसांत असतात. माणशी अर्धा किलो धरा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, ठेचून, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून, सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. पण हे ओळखीच्या शेतात, गावाजवळ करा. धरणकाठी धूर केला की पक्षी लांब जातात, आणि जंगलात विस्तव पेटवणं गुन्हा आहे. सकाळसाठी थर्मासमध्ये चहा, दशम्या आणि ठेचा, केळी. केळीची सालंसुद्धा परत आणा.

लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर?

चालणं कमी, बसणं जास्त. दोन घडीच्या खुर्च्या आणि एक सतरंजी न्या. मुलांना यादी देऊ नका, काम द्या: "टिबुकलीनं बुडी मारली की वर येईपर्यंत आकडे मोज." मुलं पाऊण तास हलत नाहीत. मोठ्यांना गावाकडची नावं माहीत असतात, टिटवी, ढोकरी, होला, पिंगळा. ती नावं आधी त्यांच्याकडून घ्या, पुस्तकातली नंतर सांगा.

मोबाइल अॅपवर किती भरवसा ठेवावा?

मर्लिन चांगलं आहे, पण काठावर नेटवर्क जातं, म्हणून भारताचा पॅक घरी वायफायवर उतरवून ठेवा. आवाजावरून ते जे नाव दाखवतं त्याला सूचना समजा. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत घालू नका, कारण कोतवाल आणि भांगराज दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतात आणि अॅप फसतं.

यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर, टाका. वेळ, चाललेलं अंतर आणि आकडे भरा. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर पाडा. "खूप" असं लिहिलेल्या नोंदीचा पुढे कुणाला उपयोग होत नाही.

जखमी किंवा जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर?

ओढू नका. एकानं पंख अंगाशी मिटून कापडात धरायचा, दुसऱ्यानं कात्रीनं दोरा कापायचा. मासेमाराचं जाळं असेल तर त्याला बोलवा, तो सहसा स्वतःच सोडवतो. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजानं पंख कापलेले पक्षी हमखास सापडतात, म्हणून जानेवारीत गाडीत कात्री आणि रिकामं खोकं असू द्या.

पाहुण्यांची परतीची गाडी रात्रीची आहे. संध्याकाळ कुठे घालवावी?

जळगावहून गाडी असेल तर हतनूरहून चारला निघून मेहरूण तलाव गाठा. पश्चिमेच्या बाजूनं पूर्वेकडे पाहत थांबा, बगळे आणि पाणकावळे थव्या-थव्यानं मुक्कामाच्या झाडांवर येताना दिसतात. भुसावळहून असेल तर हतनूरलाच सूर्यास्तापर्यंत थांबता येतं, पण दिवे लागायच्या आत काठावरून गाडी मुख्य रस्त्याला काढा. केळीच्या आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. सामान सकाळीच गाडीत टाकून निघाला असाल तर घरी वळसा न घालता थेट स्टेशनवर जाता येतं.